पंधराफुटे सर आणि दोन फ्री थ्रो

सरांना अख्खं कॉलेज ‘पंधराफुटे’ म्हणायचं. नवीन माणसाला ते त्यांचं आडनावच वाटायचं, आणि एखाद्या कागदावर त्यांचं खरं नाव दिसलं की हे कोण बुवा, म्हणून तो चक्रावायचा. खरी गंमत म्हणजे सर स्वतः जेमतेम पाच फुटांचे. नोटीस बोर्डावरची वरची ओळ वाचायची तर त्यांना टाचा उचलाव्या लागत. पण बास्केटबॉलच्या मैदानात फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून पंधरा फुटांवर असते, आणि सरांचा सगळा जीव त्या पंधरा फुटांत अडकलेला. म्हणून पंधराफुटे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

फ्री थ्रो म्हणजे काय, हे न विचारता समजावून सांगण्याची त्यांना खोड होती. कॅन्टीनवाला असो, लायब्ररीतल्या बाई असोत, सापडला की धरलाच. ‘समोरचीने धक्का मारला, हात ओढला, की पंच शिट्टी मारतो. खेळ थांबतो. जिला धक्का बसला ती एकटी रेषेवर उभी राहते. मध्ये कोणी नाही, अंगावर येणारं कोणी नाही, रिंग जागच्या जागी. टाकला, गेला, एक गुण. सोपं आहे की नाही?’ समोरचा सुटकेच्या आशेने मान हलवायचा. ‘मग सांगा, कॉलेजचे संघ निम्म्या मॅचेस इथेच का हरतात?’ असं म्हणून सर खुर्ची ओढून बसायचे, आणि लायब्ररीतल्या बाई मनातल्या मनात कपाळाला हात लावायच्या.

स्वतः कॉलेजात असताना सर संघातल्या उंच पोरांच्या खांद्यालाही लागत नव्हते. याला घेतलाय तो पाण्याच्या बाटल्या भरायला, असं मित्र चिडवायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पण मॅच संपत आली, आपण थोडक्यात पुढे असलो, की समोरचा संघ मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबतं, आणि रेषेवरच्याचे हातपाय लटपटले तर चेंडू परत मिळण्याची आशा असते. त्या वेळच्या कोचने हे हेरलं आणि शेवटच्या मिनिटाला या बुटक्याला आत सोडायला सुरुवात केली. चेंडू याच्याकडे, धक्का यालाच, रेषेवर हाच. मॅचभर बाकावर बसून बूड बधिर झालेला हा पोरगा शांतपणे दोन टाकून परत यायचा आणि बाटल्या गोळा करायला लागायचा. उंच माणसाला सगळीकडे आधी जागा मिळते, त्या रेषेवर मात्र मिळत नाही, हे सरांच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते कायमचं. पुढे लग्नाचं राहून गेलं, बढतीचं राहून गेलं, पण मुलींच्या कॉलेजातली ही नोकरी आणि तिथला हॉल एवढं त्यांनी घट्ट धरून ठेवलं.

हॉल म्हणजे तरी काय, जुनं गोदामच. खाली लाकडी फळ्या, छत एका कोपऱ्यात गळायचं म्हणून तिथे कायमची बादली. सकाळी व्हॉलीबॉलवाल्या, दुपारी परीक्षेची बाकं, संध्याकाळी सर. शिपाई यायच्या आत सर स्वतःच बाकं ढकलून भिंतीला लावायचे, ओलं फडकं घेऊन एकेक चेंडू पुसायचे आणि गळ्यात शिट्टी अडकवून मुलींची वाट बघायचे.

त्यांच्याकडे फ्री थ्रोचा सराव सगळ्यात शेवटी. बाकीचे कोच तो सुरुवातीला उरकतात, अंग गरम व्हायच्या आधी. सर म्हणायचे, मॅचमध्ये कोणी तुम्हाला ताज्यातवान्या असताना रेषेवर उभं करणार आहे का? मुली धावून धावून मेटाकुटीला आल्या, जिभा बाहेर आल्या, की सर शिट्टी मारत. ‘चला, झाली टंगळमंगळ. आता खेळ.’ एक रेषेवर, बाकीच्या रिंगखाली. रिंगखालच्यांनी आरडाओरडा करायचा, डबे बडवायचे, तोंड वेंगाडायचं. सर स्वतः मागून टोमणे मारत. ‘मागे तुझी होणारी सासू बसलीये हं, बघतेय!’ ‘चुकलीस तर सगळ्या पळणार, मग मैत्रिणींचे शिव्याशाप खा!’ एखादी रडकुंडीला यायची. सरांना दया यायची नाही.

रेषेवर उभं राहिल्यावर काय करायचं, हे प्रत्येकीचं ठरलेलं. एकीने चेंडू दोनदा आपटायचा, दुसरीने एकदाच. श्वास सोडायचा, रिंगच्या मागच्या कडेवर नजर, मग गुडघा, कोपर, मनगट. रोज तेच, त्याच क्रमाने. ‘डोक्याला मध्ये आणू नका,’ सर घसा खरवडून सांगायचे. ‘डोकं घाबरतं. डोकं हिशेब करतं. हाताला शिकवा, हात विसरत नाहीत.’ आणि मुलींचे हात खरोखरच शिकायचे. हे कॉलेज ना श्रीमंत, ना तिथल्या पोरी धिप्पाड, पण रेषेवर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

याच्यातूनच सरांना दुसरी एक विद्या लागली, किंवा लागली असं त्यांना वाटायला लागलं. चेंडू बघून पोरीचं बरंवाईट ओळखायचं. चेंडू रिंगच्या अलीकडे पडायला लागला की पायात बळ नाही, पोरगी उपाशी आली आहे. डावी-उजवीकडे जायला लागला की रात्री झोप झालेली नाही. लांब गेला की कोणावर तरी राग धुमसतोय. एकीला त्यांनी याच्यावरून तापात पकडलं होतं. दुसरीला बळेबळे डॉक्टरकडे धाडलं तर तिच्या अंगात रक्तच कमी निघालं. तिचे आईवडील येऊन हात जोडून गेले. तेव्हापासून सर उघड म्हणायचे, ‘मला तोंडाने काही सांगू नका. तोंड खोटं बोलतं. रेषेवर उभ्या राहा, मी बघतो.’ आणि ज्याला कुणी कधी विचारत नव्हतं अशा माणसाला आपलं एवढं खरं ठरतंय म्हटल्यावर थोडी गुर्मी येणारच. सरांना ती आली होती.

घरात सर, त्यांची धाकटी बहीण आणि बहिणीची मुलगी. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यामुळे कपड्यांना सदैव रबराचा वास. बहिणीचा नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच. त्याच्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढत नसे. बहीण लाँड्रीत इस्त्रीवर होती. दिवसभर वाफेत उभं राहून तिच्या कोपरापर्यंतचे हात कायम लालसर असायचे. मुलगी मात्र बापावर गेली, उंचच उंच. दहावीतच मामाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली. अकरावीला ती मामाच्याच कॉलेजात आली, तेव्हा संघातल्या मुलींनी तिला पहिल्याच दिवशी ‘शिडी’ करून टाकलं, आणि मग घरीदारी तेच झालं. घरी ती सरांना ‘मामा, तू’ म्हणायची, त्यांच्या ताटातलं उचलून खायची, फळीवरचे डबे काढून देताना मुद्दाम विचारायची, ‘मामा, स्टूल आणू का तुला?’ हॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं की मात्र ‘सर, तुम्ही’. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदाही त्यात गल्लत झाली नाही, आणि सरांना त्याचा कोण अभिमान.

बहिणीला खेळाचं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की खेळाच्या कोट्यातून मुलीची फी माफ झाली आहे आणि पुढे कुठे तरी सरकारी नोकरी लागण्याची शक्यता आहे. ‘दादा, पडू-बिडू देऊ नकोस हं तिला,’ ती अधूनमधून म्हणायची. ‘पडल्याशिवाय कसला खेळ!’ असं म्हणून सर तिची टर उडवायचे.

शिडी दुसऱ्या वर्षाला असताना संघ आंतरकॉलेज स्पर्धेच्या फायनलला पोचला. हे कॉलेज आजवर तिथे कधी पोचलं नव्हतं. हॉल दुसऱ्यांचा, चकचकीत, पाय सरकेल इतका. समोरच्या पोरी एकेक दरवाजाएवढ्या. लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता म्हणून बहिणीला काही येता आलं नाही. सकाळी शिडीच्या शर्टाला तिने स्वतः इस्त्री करून दिली तेवढंच.

मॅच शेवटपर्यंत हातघाईवर. काही क्षण उरले होते आणि सरांचा संघ एका गुणाने मागे. चेंडू शिडीकडे आला. ती रिंगखाली उडाली, आणि समोरच्या त्या दरवाजाएवढ्या पोरींतली एक तिच्यावर आली. मुद्दाम आली असं कोणी म्हणणार नाही, तिला थांबताच आलं नाही. शिडीचे पाय हवेत असतानाच कमरेला धडक बसली आणि ती उताणी पडली. डोकं आधी आपटलं. त्या आवाजाने एवढा गजबजलेला हॉल एकदम चिडीचूप झाला.

पंचाने शिट्टी मारली. फाउल. दोन फ्री थ्रो.

आता इथे एक नियम आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावर आहे. खेळाडू पडली आणि तिला बघायला बाकावरचं कोणी मैदानात गेलं, तर तिला बाहेर काढावंच लागतं. मग तिच्या वाटचे फ्री थ्रो टाकायचे ते तिच्या जागी येणाऱ्या बदली मुलीने. बाकावर उरलेली मुलगी अशी की सरावातसुद्धा रेषेवर गेली की तिच्या तोंडाला कोरड पडायची. सर बाकावरून उठून धावले. मैदानाच्या कडेला जो रंगाचा पट्टा असतो तिथपर्यंत धावले, आणि थांबले. बुटाचं टोक पट्ट्याला टेकलं होतं.

‘सर, येताय का आत?’ पंचाने विचारलं.

‘एक मिनिट,’ सर म्हणाले. मग तिथूनच ओरडले, ‘शिडे! उठतेस का?’

शिडीने हात हलवला. उठून बसली. मैत्रिणीच्या खांद्याला धरून उभी राहिली.

‘बरी आहेस ना?’

तिने मान हलवली.

‘टाकशील?’

तिने पुन्हा मान हलवली.

त्या क्षणी सरांच्या मनात काय आलं, ते त्यांनी पुढे रात्रंदिवस उगाळलं. पहिला टाकू दे, असं त्यांनी म्हटलं. तोंडावर कशाला विश्वास ठेवायचा, चेंडूच सांगेल. जरा जरी वाकडा गेला तर लगेच आत जाईन आणि बाहेर काढीन. यात आपण काही लबाडी करतोय असं त्यांना वाटलं नाही, हे खरं आहे. आणि चषक डोळ्यांसमोर नाचत होता, हेही खरं आहे. माणसाला एकाच वेळी दोन्ही खरं असू शकतं, त्यात नवल काही नाही.

शिडी रेषेवर उभी राहिली. चेंडू दोनदा आपटला. श्वास सोडला. गुडघा, कोपर, मनगट. चेंडू रिंगला कुठेही न लागता जाळीतून खाली आला. बरोबरी. ती बाकाकडे वळून हसली आणि म्हणाली, ‘मामा, गेला बघ!’

मैदानात ती त्यांना मामा कधीच म्हणाली नव्हती. ते सरांच्या कानाला खटकलं. पण हात टाळ्या वाजवत होते, आणि चेंडू तर इतका सरळ गेला होता! दुसराही तसाच गेला. मग समोरच्यांची घाईगडबड, एक चुकलेला नेम, भोंगा, आणि मुली एकमेकींच्या अंगावर. कॉलेज जिंकलं. आपली विद्या आज पुन्हा खरी ठरली, असं सरांच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्यांना पुढे सगळ्यात जास्त शिसारी आली.

मुली नाचत होत्या. शिडी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच होती ती, तरी बांधत होती. सर जवळ गेले तेव्हा तिने मान वर केली.

‘मामा, मॅच कधी सुरू होणार?’

शेजारची मुलगी खो खो हसली. तिला वाटलं चेष्टा. सर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. ‘शिडे, माझ्याकडे बघ,’ ते म्हणाले. ती बघायला गेली, आणि आपल्याच बुटांवर भडाभडा ओकली आणि बाकावरून घसरली.

हॉस्पिटलात रात्रीतून डोकं उघडावं लागलं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. बहीण लाँड्रीतल्या एप्रनवरच धावत आली, आणि जिथे बसवलं तिथे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सरांना बाजूला घेतलं. वयाने त्या त्यांच्या विद्यार्थिनीसारख्याच.

‘पडल्यावर लगेच खेळ थांबवला होता?’

‘दोन फ्री थ्रो टाकले तिने,’ सर म्हणाले. ‘दोन्ही गेले. सरळ गेले. मी बघत होतो ना. काही असतं तर मला दिसलं असतं.’

‘हे ती रोज करायची?’

‘रोज. वर्षानुवर्षं.’

‘मग हाताला सवयच झालेली असणार. डोक्याला एवढा मार बसूनही अशी सवयीची कामं माणूस करतो. त्याच्यावरून काही कळत नाही.’ मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, ‘अशा वेळी जेवढ्या लवकर आणाल तेवढं वाचतं. पडल्या पडल्या आणली असती तर…’

आपण मुलींना जे सांगत आलो ते सरांना आठवलं. डोक्याला मध्ये आणू नका. शिडीने आणलं नव्हतं. त्यांनी शिकवलेलं तिने इतकं चोख केलं होतं की तिचं डोकं तिथे नसतानाही चेंडू आत गेला होता. एवढं चांगलं शिकवलं नसतं तर चेंडू वाकडा गेला असता, आणि ती यातून वाचली असती. सर हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तोंडात रुमाल कोंबून रडले, कारण वरच बहीण बसली होती.

बहिणीला त्यांनी सांगितलं नाही. उद्या सांगू, शुद्धीवर आली की सांगू, घरी नेली की सांगू. तेवढ्यात कॉलेजने कार्यक्रम ठेवला. दारात मोठा फलक, त्यावर रेषेवर उभ्या शिडीचा फोटो. प्रिन्सिपल बोलायला लागले ते थांबेनात. डोक्याला मार लागला, पण डगमगली नाही. कॉलेजचा मान राखला. धन्य ती मुलगी आणि धन्य तो गुरू. सरांना स्टेजवर बोलावून चषकाशेजारी उभं केलं. पहिल्या रांगेत बहीण बसली होती. शेजारणीकडून मागून आणलेले चांगले कपडे घातले होते तिने. ती रडत होती आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या बघून सरांचे शब्द घशातच राहिले, आणि मग जसजसे दिवस गेले तसतसे ते अधिकच खाली गेले.

शिडी जगली. चालायला लागली, भरवलं की खायला लागली. बोलायची, पण कोणाशी तरी भलत्याशीच बोलल्यासारखी. आईला ‘अहो’ म्हणायची. सरांना तर ती ओळखतच नसे. घरात हा एक परका माणूस येतो-जातो, एवढीच तिची समजूत. तो समोर आला की ती पाय आखडून नीट बसायची. फळीवरचा डबा हात वर केला की हाती येईल इतक्या उंचीवर असायचा, पण काढ म्हटलं तर ती डब्याकडे बघत उभी राहायची. त्यापेक्षा सर आपलं स्टूल घेऊन यायचे.

बहिणीने आशा सोडली नव्हती. तिने लाँड्रीत अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्या म्हणाल्या, तिच्या ओळखीचं, सवयीचं काही असेल तर ते द्या हातात, फरक पडू शकतो. झालं, बहिणीने तेच धरलं.

‘दादा, तिला हॉलमध्ये ने.’

‘बघू.’

‘बघू काय? सगळं तुझ्या हातात आहे. किल्ली तुझ्याकडे, चेंडू तुझ्याकडे. आणि तूच टाळतोस! जीव नाही का तिच्यावर तुझा?’

खरं कारण सोडून बाकी कशाचंही निमित्त सर सांगायचे. हॉलमध्ये परीक्षा आहे, गर्दी आहे, थंडी आहे. फायनलनंतर त्यांच्या सरावातूनही फ्री थ्रो गेला होता. नव्या मुली नुसत्या पळायच्या आणि घरी जायच्या. संघ पहिल्याच फेरीत रेषेवर हरला, तर प्रिन्सिपलनी बोलावून विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना? बरी आहे, असं सरांनी सांगितलं.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बहिणीनेच शिडीला बूट घातले आणि दारात उभी राहिली. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. तिघं हॉलवर गेली. सरांनी कुलूप काढलं. बाकं मांडलेली होती, ती त्यांनी एकट्याने ढकलून भिंतीला लावली. शक्य तेवढा वेळ लावला. सवयीने कपाटातली शिट्टी गळ्यात अडकवली आणि चेंडू पुसला.

बहिणीने चेंडू त्यांच्या हातातून घेतला, मुलीला रेषेवर नेऊन उभं केलं आणि तिच्या हातात दिला. ‘टाक बाळा,’ ती म्हणाली.

शिडी चेंडूकडे बघत राहिली. मग तिचे खांदे सैल झाले. चेंडू दोनदा आपटला. श्वास सोडला. गुडघा, कोपर, मनगट.

जाळी हलली तशी बहिणीच्या तोंडून किंकाळीच फुटली. ती धावत जाऊन चेंडू घेऊन आली. ‘पुन्हा! पुन्हा टाक!’ तोही गेला. त्याच्या पुढचाही. बहीण हसत होती, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती भावाचा दंड धरून त्याला गदागदा हलवत होती. ‘बघितलंस? दादा, बघितलंस ना? येतंय तिला सगळं! आहे रे ती आत, आहे! उद्याच डॉक्टरबाईंकडे जाऊ. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी कॉलेजला पाठवू. अरे, बोल की काहीतरी! तूच म्हणायचास ना, चेंडूवरून सगळं कळतं म्हणून?’

सरांच्या मनात आलं, गप्प बसलो तर ही उद्या हॉस्पिटलात जाईल, आणि तिला कुणी तरी परकं माणूस सांगेल. नाही तर कुणीच सांगणार नाही, आणि ही रोज मुलीला इथे आणून उभी करेल, रोज अशीच हसेल. त्यातलं कुठलंच त्यांना सोसवणार नव्हतं.

‘त्या दिवशीही दोन्ही गेले होते,’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘ती पडल्यावर. डोक्यात रक्त साचत होतं तेव्हा. तेव्हाही तिने असेच टाकले. मला वाटलं, ठीक आहे ती. याच्यावरून काही कळत नाही गं. हात करतात. तिचं तिला ठाऊक नसतं.’

बहिणीने दंड सोडला. ‘तुला कोणी सांगितलं हे?’

‘डॉक्टरबाईंनी. दुसऱ्याच दिवशी.’ आणि मग त्यांना थांबता आलं नाही. ‘मी आत गेलो असतो तर तिला बाहेर काढावं लागलं असतं. तसा नियमच आहे. पंचाने विचारलं मला, येताय का आत म्हणून. मी गेलो नाही. कडेला उभा राहून विचारलं तिला, टाकशील का म्हणून. एक पाऊल टाकायचं होतं. मला जिंकायचं होतं.’

शिडी रेषेवरच उभी होती, हात पुढे करून. चेंडू घरंगळत भिंतीपाशी गेला होता आणि तो आणून द्यायला कोणी जात नव्हतं.

‘मी टाळ्या वाजवल्या,’ बहीण शेवटी म्हणाली. ‘त्या कार्यक्रमात. तू वर उभा होतास आणि मी खाली बसून टाळ्या वाजवत होते. तू वाजवू दिल्यास.’

ती वळली, मुलीजवळ गेली, तिचे पुढे केलेले हात खाली केले आणि तिला दाराकडे घेऊन निघाली. शिडी मुकाट्याने निघाली. सरांच्या जवळून जाताना मात्र थांबली. तिने त्यांच्या गळ्यातली शिट्टी बघितली, अंग सावरून ताठ उभी राहिली, आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलगी विचारते तसं घाबरत घाबरत विचारलं.

‘सर, मला घेतलं का संघात?’

‘घेतलं,’ सर म्हणाले. ‘घेतलं, बाळ.’

‘नाही घेतलं,’ बहीण म्हणाली, आणि मुलीचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली.